आडोशातला पंखा

नझीर हमदुलेने गच्चीवर पंखा चढवला, त्या दिवशी तो धड चालणार नाही हे अख्ख्या कुरणबंदरात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस त्याच्याच स्वयंपाकघरात आल्याचा चहा उकळत होतं. रझिया. नझीरची बायको. चहाचे कप घेऊन ती वर आली, पंख्याकडे एकदा बघितलं, मग डोंगराकडे बघितलं, आणि मदतीला येऊन पाईप धरून उभ्या असलेल्या भागोजीला म्हणाली, "साखर कमी नाय ना?" बस, एवढंच बोलली. बोलायला हवं होतं की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. सांगणाऱ्याने कुणाची बाजू घेऊ नये म्हणतात, पण घ्यायचीच झाली तर इथे रझियाचीच घ्यावी लागेल.

पंखा म्हणजे घरात गरगरतो तो नव्हे. पवनचक्की. पण तो शब्द नझीरला जड वाटायचा, भाषणात बोलल्यासारखा, म्हणून तो पंखाच म्हणायचा. चिपळूणच्या भंगारवाल्याकडून त्याने विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या चाकातली मोटर आणली. सांडपाण्याचा जाड पीव्हीसी पाईप उभा चिरून तीन पाती काढली, ती घासून घासून गुळगुळीत केली, मागे पत्र्याची शेपटी लावली, आणि हे सगळं लोखंडी पाईपावर चढवून पाईप गच्चीच्या कोपऱ्यात तारांचे ताण देऊन उभा केला. वाऱ्याने पाती फिरली की मोटर वीज देणार, ती जिन्याखालच्या दोन मोठ्या बॅटऱ्यांत भरणार, आणि बॅटऱ्यांवर इन्व्हर्टर लावून घरातला फ्रिज चालणार, असा बेत. दिवे, मिक्सर, टीव्ही चालले तर चालले. फ्रिज मात्र चाललाच पाहिजे.

फ्रिजच का, तर रझियाच्या इन्सुलिनसाठी. कुरणबंदर हे हेदवीच्या अलीकडच्या खाडीवर, डोंगराच्या पायथ्याशी चिकटून बसलेलं. विजेच्या तारेचं शेवटचं टोक. कोयनेच्या पाण्यावर पोफळीला एवढी वीज तयार होते, मुलूखभर जाते, पण इथे येणारी तार आंब्या-फणसांच्या फांद्यांतून अंग चोरत येते आणि पावसाळ्यात एक फांदी पडली की संपलं. गेल्या पावसाळ्यात वादळाने खांबच आडवे केले. वीज गेली ती कितीतरी दिवस आलीच नाही. फ्रिज उबट झाला, औषध बिघडलं, आणि एका दुपारी रझिया विहिरीवर चक्कर येऊन मटकन बसली. बसली, पडली नाही. पण शेजारणीने लगेच मुंब्र्याला फोन लावला आणि तिथून सगळी गडबड सुरू झाली.

मुंब्र्याला त्यांचा मुलगा अक्रम. एसी दुरुस्तीचं दुकान, बायको महरीन, आणि अमरीन नावाची बोलघेवडी मुलगी, वय वर्षं तीन. अक्रम धावत आला. म्हणाला, "अब्बा, पुरे झालं. घराला कुलूप घाला नि चला." नझीर म्हणाला, "माझ्या घराला मी कुलूप घालायचं? कशाला?" दोघांचं चांगलंच वाजलं. शेवटी तोड निघाली ती अशी: पुढचा पावसाळाभर, वीज असो नसो, फ्रिज थंड राहिला तर दोघं इथेच राहतील. नाही राहिला, तर पाऊस सरला की मुंब्रा. बापलेकांनी हातावर हात मारला. रझिया तिथेच बसून लसूण सोलत होती. तुला काय हवं, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. औषध तिचं, चक्कर तिची, आणि निकाल या दोघांचा. अशा वेळी पुरुषांचे कान धरून हलवावेसे वाटतात.

तिला काय हवं होतं? तिला मुंब्र्याला जायचं होतं.

हे कळतं तर मोहल्ला चाट पडला असता. रझिया म्हणजे ते घर आणि ते घर म्हणजे रझिया, असं सगळे धरूनच चालले होते. नझीर बोटीवर इलेक्ट्रिशियन. नऊ-नऊ महिने परदेशी मालवाहू बोटींवर, मग दोन-तीन महिने सुट्टी, की परत बोट. तीसेक वर्षं हेच चाललं. घर त्याच्या पैशाने उभं राहिलं आणि तिच्या अंगावर. चिऱ्यांची गाडी चढणीला अडली तेव्हा माणसं गोळा करून आणली ती तिने. गवंड्याशी भांडली ती, सासूचं आजारपण काढलं ते तिने, सासऱ्याचा जनाजा उठला तेव्हा दारात उभी राहिली ती, आणि अक्रमला शाळेत मारलं तेव्हा मास्तरांच्या घरी गेली तीही तीच. संध्याकाळी ओट्यावर बसून ती खाडीकडे बघायची. नझीर काही खाडीतून येणार नव्हता, तो मुंबईहून एसटीने यायचा, तरी ती खाडीकडेच बघायची.

नझीर निवृत्त होऊन आला आणि त्याची हौस फिटेना. कलमांना आळी करतोय, ओट्याला रंग देतोय, खुर्चीत बसून म्हणतोय, "आता कुठं घरात राहायला मिळालं." आणि रझियाला आता कुठे घरातून निघावंसं वाटत होतं. त्याला घर नवं होतं. तिने ते वापरून वापरून पार झिजवलं होतं. तिला आता माणसं हवी होती. एका रमझानला ती महिनाभर मुंब्र्याला राहून आली. जिन्यात चपलांचा ढीग, शेजारणी न विचारता आत येतात, इफ्तारला चार घरची ताटं दारात, आणि अमरीन मांडीवर डोकं ठेवून झोपते. तिथे तिला इतकं बरं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली. घरी परत आल्यावर नझीरने विचारलं, "कंटाळलीस ना तिथं?" ती म्हणाली, "कंटाळा यायचाच." बिचारी. ज्या माणसाने उमर बोटीच्या पोटात काढून हे घर बांधलं, त्याला हे घर मला नको म्हणून सांगायला तिची जीभ उचलेना.

आणि पंखा चालणार नाही हे तिला कसं ठाऊक, तर ती सुलेमान तांडेलाची मुलगी. तांडेल म्हणजे गलबताचा मुख्य. बापाचा शिडाचा मचवा होता. त्यात कौलं आणि तांदूळ भरून तो मुंबईला न्यायचा, आणि खाडीत शिरताना कधीकधी लहानग्या रझियाला पुढे टोकाशी, नाळेवर बसवायचा. आज जिथे हमदुल्यांचं घर आहे त्याच्या समोर मचवा आला की शीड लुळं पडायचं. पश्चिमेचा वारा डोंगरावर आपटतो, वरच्या वर निघून जातो आणि पायथ्याशी नुसता घुटमळतो, एकदा इकडून, एकदा तिकडून. बाप खलाशांना म्हणायचा, "हितं शीड मरतं. वल्ही काढा." खाडीच्या तोंडावर खडकाची एक सोंड पाण्यात गेलीय, तिला सगळे नाकाडं म्हणतात. तिथे मात्र वारा दोन डोंगरांमधून सरळ येतो. निघताना मचवा नाकाड्याशी पोचला की शीड एकदम फुगायचं आणि रझिया दोन्ही हातांनी नाळ घट्ट धरायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिने ते अंगावर घेतलं होतं.

म्हणाल, नझीरला हे कळायला काय झालं होतं? एवढी वर्षं दर्यावर काढलेला माणूस. पण दर्यावर तो होता कुठे? खाली, इंजिनरूमला. त्याला केबल कळायची, करंट कळायचा, नुसत्या आवाजावरून बेअरिंग कुठलं जाणार ते कळायचं. वारा त्याला भेटायचा तो जेवणानंतर डेकवर बिडी ओढताना, आणि तो वाराही बोटीच्या चालण्याचा. घराच्या गच्चीवर संध्याकाळी गार लागतं, लुंगी फडफडते, म्हणजे इथे वारा आहे, असं त्याने धरून टाकलं. मच्छीमाराने ही चूक केली नसती आणि शेतकऱ्याने पंखाच केला नसता. बोटीवरच्या इलेक्ट्रिशियननेच करावी अशी ती चूक होती.

पाऊस लागला. पंखा अगदीच फिरला नाही असं नाही, आणि तेच वाईट झालं. मुळीच न फिरता तर नझीर एका आठवड्यात मोकळा झाला असता. तो फिरायचा. चार-सहा फेरे झोकात घ्यायचा, मग शेपटी भलतीकडे वळायची, पाती थबकायची, आणि पंखा दुसऱ्या दिशेला तोंड करून परत विचार करत बसायचा. मोहल्ल्याने त्याचं नाव 'नझीरभायचा मोर' ठेवलं. मशिदीतून बाहेर पडताना कुणीतरी विचारायचंच, "काय नझीरभाय, आज मोर नाचला का?" नझीर तिथे हसायचा. घरी आल्यावर हसायचा नाही.

बॅटऱ्या काही भरेनात. वीज गेली की फ्रिज इन्व्हर्टरवर सुरू व्हायचा आणि दुपार कलेपर्यंत इन्व्हर्टर कुंई कुंई करून मान टाकायचा. रझियाने आपली सोय आधीच केली होती. मोरीजवळच्या थंड कोपऱ्यात मातीचं मडकं, मडक्यात ओली वाळू, वाळूत स्टीलचा डबा, डब्यात औषध. दवाखान्यातल्या बाईंनीच सांगितलेली युक्ती. वाळू वाळली की ती वरून पाणी शिंपडायची. फ्रिजशिवाय तिचं अडत नव्हतं. अडत होतं ते नझीरचं.

आधी आधी रझियाला हे सगळं बरंच वाटलं, खोटं कशाला बोला. न बोलता, न भांडता, आपसूक होतंय. तिने मनातल्या मनात सामानही बांधायला घेतलं. पाटा इथेच राहू दे, खलबत्ता मात्र न्यायचा. तांब्याचा हंडा शेजारणीला. फोनवर अमरीन म्हणायची, "दादीजान, कधी येणार?" आणि रझिया नझीर ऐकत नाही ना ते बघून हळूच म्हणायची, "येते हं माझी बाय, येते."

नझीर मात्र हटायला तयार नाही. पाती लांब करून बघितली, मग आखूड करून बघितली. पाईपाला तुकडा जोडून पंखा आणखी वर नेला. बेअरिंग बदललं. जेवताना ताटाशेजारी बोटाने कसल्यातरी रेघा ओढत बसायचा आणि आमटीत भात तसाच गार व्हायचा. एक दिवस त्याने हात थांबवून तिच्याकडे बघितलं.

"रझिया, तुला काय वाटतं? शेपटी मोठी करू?"

इतक्या वर्षांत त्याने त्याच्या कामातलं तिला काही विचारल्याचं तिला आठवत नव्हतं.

"करून बगा," ती म्हणाली.

हे मात्र तिने करायला नको होतं. गप्प बसणं वेगळं आणि हे वेगळं. तोपर्यंत तिने त्याला फसवलं नव्हतं, आता फसवलं. नझीर उत्साहाने उठला, पावसात भागोजीच्या वाडीपर्यंत चालत गेला, पत्रा घेऊन आला, दोन दिवस कापत-ठोकत बसला. भागोजी हा वरच्या वाडीतला शेतकरी, हमदुल्यांच्या कलमांची राखण त्याच्याकडे. तो पत्रा धरायला आला होता. जाताना रझियाला म्हणाला, "भाबी, नझीरभाय बारीक झाले. जरा बगा त्यांच्याकडं." रझियाला त्या रात्री घास गोड लागला नाही.

मोठ्या शेपटीने व्हायचं तेच झालं. घुटमळणाऱ्या वाऱ्यात ती आणखीच जोरात फेकली जायला लागली. नझीर पाना घेऊन वर चढला असताना शेपटी अचानक फिरली आणि तिची कड त्याच्या हातावर बसली. खोल नाही, पण लांब चिरलं. रझियाने त्याला स्वयंपाकघरात बसवलं, जखम धुतली, वर औषध लावून फडकं बांधायला घेतलं. तो लहान मुलासारखा हात पुढे करून बसला होता. बाहेर पंखा कुरकुरत होता.

"अक्रमला फोन लाव," तो म्हणाला. "सांग त्याला, येतो म्हणून. हरलो आपण."

रझिया फडक्याची गाठ मारत होती. हेच तर ऐकायचं होतं तिला. पण त्या 'आपण' शब्दापाशी तिचा हात अडला.

नझीर पुढे बोलला. "मना पंख्याचं काय नाय गं. तुझं वाटतं. मी नव्हतो तेव्हा तू घर उभं केलंस, राखलंस. एवढी वर्षं एकटीनं. नि मला एक फ्रिज चालवता येईना तुझ्यासाठी. तुझं घर सुटणार माझ्यापायी." त्याचे डोळे भरून आले. नझीर हमदुलेचे डोळे भरलेले तिने, सासऱ्याच्या मातीनंतर तो बोटीवरून घरी पोचला ती वेळ सोडली तर, कधी बघितले नव्हते.

हा माणूस सगळं तिच्या नावावर मांडून बसला होता. तिला ज्यातून सुटायचं तेच तिच्यासाठी वाचवायला पावसात चढत होता. आणि आता हा मुंब्र्याला येणार, खिडकीत बसणार आणि मरेपर्यंत मनात म्हणणार की मी बायकोचं घर घालवलं. असल्या जिंकण्याचं ती काय करणार होती?

"फोन राहू दे," ती म्हणाली. "चपला घाला. माझ्याबरोबर चला."

पाऊस उघडला होता. ती पुढे, तो मागे, नारळांच्या बागेतून दोघं नाकाड्यावर आली. हाकेच्या अंतरावरची जागा, पण नझीर तिथे लग्नानंतर दोन-चारदाच आला असेल. रझियाने डोक्यावरची ओढणी काढली, एक टोक मुठीत घट्ट धरलं आणि हात वर केला. ओढणी ताठ झाली. दोरीवर वाळत घातल्यासारखी सरळ, जमिनीकडे कलेना की इकडेतिकडे हलेना. ती तशीच उभी राहिली, हात भरून येईपर्यंत. मग त्याला घेऊन घराशी परत आली, अंगणात तोच हात वर केला. ओढणी खाली पडली, फडफडली, तिच्याच तोंडावर आली, पुन्हा पडली.

"बाबा म्हणायचा, हितं शीड मरतं," ती म्हणाली. "डोंगराचा आडोसा हाय. पंखा नाकाड्यावर न्या."

नझीर ओढणीकडे बघत राहिला. तो काही मठ्ठ नव्हता.

"तुला ठाऊक होतं."

"हो."

"कदीपासून?"

"पयल्या दिवसापासून."

तो पायरी चढला. आत गेला, आडवा झाला, भिंतीकडे तोंड करून. रझियाने जेवायला हाक मारली तर येऊन जेवला, पण 'मीठ दे' एवढंसुद्धा बोलला नाही. पुढचे कितीतरी दिवस घरात फक्त भांड्यांचा आवाज होता. रागावला असता, चार शब्द बोलला असता तर तिला सोपं गेलं असतं.

पण काम त्याने थांबवलं नाही. भागोजीला बोलावलं, पंखा उतरवला, जुनी छोटी शेपटी परत लावली. नाकाड्यावरच्या कातळात पहारीने खड्डे घेऊन ताणांच्या कड्या सिमेंटमध्ये बसवल्या. बंद पडलेल्या बोअरची जाड केबल पडून होती, ती बागेतून घरापर्यंत ओढली. एवढ्या लांबून वीज आणायची तर वाटेत गळते, म्हणून दोन्ही बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या, बोटीवर असतात तशा चोवीस व्होल्टला, आणि तसा इन्व्हर्टरही बदलून आणला. खारं पाणी उडणार म्हणून सगळ्याला बोटीवरचा करडा रंग दिला. ह्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, हेही सांगायलाच हवं. रझिया रोज चहा घेऊन तिथे जायची, कप खडकावर ठेवायची आणि परत यायची.

पाईप उभा केला त्या दुपारी भागोजीने नारळ फोडला आणि नझीर पुटपुटत बिस्मिल्ला म्हणाला. पात्यांना बांधलेली दोरी सोडली. पंखा एकदा वळला, वाऱ्याला तोंड देऊन स्थिर झाला आणि फिरायला लागला तो फिरतच राहिला. पाती दिसेनाशी झाली. भागोजी बराच वेळ वर बघत होता. म्हणाला, "नझीरभाय, मोर उडाला तुमचा."

भादव्यात दोनदा खांब पडले. मोहल्ल्यातल्या घरांत मेणबत्त्या आल्या आणि हमदुल्यांचा फ्रिज घुंई करत चालत राहिला. शेजारच्यांची कोळंबी त्यात आली, कुणाचं दूध आलं, शाळेतल्या नितेश मास्तरांच्या आईचे डोळ्यांत घालायचे थेंब आले. मशिदीतून बाहेर पडताना लोक आता विचारायचे, "नझीरभाय, आमच्यासाठी एक करता का?" नझीर मान हलवायचा. तरी घरात गप्पच.

एका सकाळी त्याने बर्फाचा ट्रे काढला, दोन-चार खडे ताटलीत घेतले आणि ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या रझियासमोर ठेवले. स्वतः पायरीवर बसला.

"वीज तीन दिवस नाय," तो म्हणाला. "हा बर्फ वाऱ्याचा." मग जरा थांबून, "आता सांग. ठाऊक होतं तर बोलली का नायस?"

रझियाने सूप बाजूला ठेवलं.

"पंखा चालला असता तर हितंच राहायला लागलं असतं."

"मंग? हितंच तर राहायचंय आपल्याला."

"तुम्हाला," ती म्हणाली.

नझीरला ते आत उतरायला वेळ लागला. रझिया थांबली नाही. एकदा सुटली होती ती सुटली. "मना या घराचा कंटाळा आलाय. तुमचा नाय, घराचा. तुम्ही आलाव तेव्हा तुमचं घर सुरू झालं. माझं तेव्हा होऊन गेलं होतं. ह्या ओट्यावर बसून मी किती वाट बघितली, ते ह्या ओट्यालाच ठाऊक. आता मना पोरीला मांडीवर घ्यायचंय. दारात माणसं हवीत. आवाज हवा. तुम्ही नि अक्रमनं हातावर हात मारलाव, मी हितंच बसलेली. मना कुणी विचारलं नाय."

तिचा आवाज चढला नव्हता. तिने सूप पुन्हा पुढे ओढलं आणि तांदळातले खडे वेचायला लागली.

"मी विचारलं नाय," नझीर हळू म्हणाला. "मी धरूनच चाललो." बराच वेळ तो बर्फाकडे बघत होता. बर्फाचं पाणी होत आलं होतं. "मंग पंखा तसाच राहू द्यायचा होतास. मी हरलोच होतो. फोन लाव म्हणून सांगितलं होतं तुला. आयतं जायला मिळत होतं."

"तसं नको होतं मना. तुमचं फसलं म्हणून निघायचं, नि तुम्ही तिथं तोंड पाडून बसायचं. रोज ते तोंड मी बघायचं. त्यापेक्षा हितं बरं." तिने डोळे पुसले. "मना जायचंय, म्हणून जायचं होतं. नाय तर नको. आता तुमचा पंखा चालतोय. तुम्ही जिंकलाव. राहू हितंच. मी काय बोलायची नाय परत."

नझीर उठला आणि नाकाड्याकडे चालू लागला. दुपारी जेवायला आला नाही. रझियाने दोनदा बागेच्या कडेपर्यंत जाऊन बघितलं. तो पंख्याखाली खडकावर बसला होता, पाय सोडून, पाण्याकडे तोंड करून. तिने हाक मारली नाही. बोलून बसले ते बरं केलं की वाईट, हे तिला कळत नव्हतं. दुपार कलताना, असरची नमाज झाल्यावर तो आला, हातपाय धुतले, गार झालेला भात न कुरकुरता जेवला. ताट स्वतः मोरीत नेऊन ठेवलं. मग ओट्यावर येऊन फोन लावला आणि आवाज मोठा केला, तिला ऐकू यावं म्हणून.

"अक्रम, ऐक. पंखा चालतो. फ्रिज एकदम थंड. हो, पावसाळाभर चालेल, मी लिहून देतो... नाय, नाय, तू हरलास, त्यात बोलायचंच नाय." तिकडून अक्रम हसला. काहीतरी म्हणाला, बहुतेक मग राहा आता तिथेच. नझीरने रझियाकडे बघितलं.

"राहात नाय. आम्ही येतोय. भाताची कापणी झाली की... पंखा भागोजी बघेल, मोहल्ल्याचं औषधपाणी राहील फ्रिजमधी."

तिकडचं हसणं थांबलं. मग अक्रमचा आवाज आला, स्पष्ट, "पण अब्बा, सगळं चालतंय तर येताव कशाला?"

"तुझ्या अम्मीला यायचंय," नझीर म्हणाला.

"अम्मीला? अम्मी असं म्हणाली?"

नझीरने फोन तिच्यापुढे धरला. "तिलाच विचार."

रझियाने हात ओढणीला पुसले. फोन घेतला, कानाला लावला. नझीर तिच्याकडे बघत होता, ती काय म्हणते ते ऐकायला.

"हो रे," ती म्हणाली. "मना यायचंय."